सगळंच 'व्हेग' कसं काय?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे, कात्री लावलीत तरी हरकत नाही, फक्त शेवटचा पावसाचा भाग तेवढा ठेवा. विषय एका इंग्रजी शब्दाचा आहे. व्हेग. हल्ली हा शब्द कानावर पडला नाही असा दिवस जात नाही. पोरं म्हणतात परीक्षेत प्रश्न व्हेग होता, सून म्हणते बॉसचा मेल व्हेग आहे, सोसायटीच्या मीटिंगला चेअरमन व्हेग बोलतात, मुलगी बघून गेलेल्या मंडळींचा निरोप व्हेग, आणि टीव्हीवरच्या चर्चेत तर चौघंही एकमेकांना तुमचा मुद्दा व्हेग आहे म्हणून सुनावत असतात, पाचवा जो अँकर असतो तो तर ऐकतच नसतो. बरं हे झालं बोलण्यातलं. छापील मराठीत या सगळ्याला एकच शब्द उरलाय, संदिग्ध. मंत्र्यांनी उत्तर टाळलं, संदिग्ध. जीआरमध्ये तारीखच नाही, संदिग्ध. नियमाचे दोन अर्थ निघतात, तेही संदिग्धच. तुमच्या एकट्याच्या पेपराबद्दल बोलत नाहीये, सगळ्यांचंच हे झालंय.

मला खटकतं कारण माझी सगळी नोकरी कोर्टकचेरीच्या कागदांची भाषांतरं करण्यात गेली. दावे, कैफियती, साठेखतं, मृत्युपत्रं. तिथे नुसतं 'हे अस्पष्ट आहे' म्हणून भागत नाही, कुठल्या तऱ्हेने अस्पष्ट आहे ते सांगावं लागतं, कारण प्रत्येक तऱ्हेवरचा इलाज वेगळा आणि इलाज चुकला की पक्षकार बुडाला.

आधी शब्दच बघू. स्पेलिंग बघून शाळेत बऱ्याच जणांनी त्याचं व्हॅग्यू केलेलं असतं. शेवटची दोन अक्षरं मुकी आहेत हो, प्लेग लीग व्होग सगळ्यांची असतात, आणि प्लेगला काही कुणी प्लॅग्यू म्हणत नाही. काही लोक मराठीत टाइप करताना सरळ 'वेग' लिहितात, म्हणजे 'साहेबांचं उत्तर फार वेग होतं' असं वाचलं की वाटतं साहेब घाईत होते. मूळ शब्द लॅटिन, व्हॅगस, अर्थ भटका, फिरस्ता. फ्रेंचमधून तो सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. व्हॅगाबाँड त्याच घरातला. एक्स्ट्रॅव्हॅगंटसुद्धा, मूळ अर्थ हद्दीबाहेर भटकलेला, नंतर झाला उधळ्या. डॉक्टर लोकांची व्हेगस नर्व्ह पण हीच, मेंदूपासून निघणारी दहावी नस, ती गळा, हृदय, फुप्फुसं करत करत पोटापर्यंत भटकते म्हणून तिचं नाव ते पडलं. (फ्रेंचमध्ये याच स्पेलिंगचा एक शब्द लाट या अर्थाने आहे, पण तो वेगळ्या मुळाचा. सिनेमावाल्यांची 'नूव्हेल व्हाग' म्हणजे नवी लाट, तिला कुणी नवा गोंधळ समजू नये. काही सिनेमे बघून तसं वाटतं ती गोष्ट वेगळी.)

तर व्हेग म्हणजे ज्याचा अर्थ एका जागी बसत नाही, ज्याची हद्द आखलेली नाही ते. आपल्याकडे याला चांगला शब्द आहे, मोघम. कोर्टात तो रोजचा. 'मोघम स्वरूपाचे आरोप' म्हणजे कोणी, कधी, कुठे, काय केलं हे काहीच न सांगता केलेले. पण पेपरांनी मोघमला का टाकलं देव जाणे, संदिग्ध जास्त भारदस्त वाटतो बहुतेक.

आता फरक कसा पडतो ते सांगते. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २९ आहे, ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही तो करार रद्दबातल. त्याखाली कायदा करणाऱ्यांनी स्वतःच उदाहरणं दिलीत आणि ती मला आजही फार आवडतात. एकाने दुसऱ्याला 'शंभर टन तेल' विकायचं कबूल केलं. कसलं तेल ते लिहिलंच नाही. शेंगदाण्याचं, एरंडीचं, करडईचं, कशाचं? करार गेला. पण पुढचं उदाहरण बघा, तेच शब्द, तेच शंभर टन तेल, फक्त विकणारा माणूस खोबरेल तेलाचाच व्यापारी आहे, दुसरं काही विकतच नाही. मग करार टिकला! म्हणजे एकही अक्षर बदललं नाही तरी मोघमपणा गेला, कारण बोलणारा कोण आहे हे कळलं. माझ्या मते व्हेग शब्दाचं सगळं सार या दोन तेलांत आहे.

ॲम्बिग्युअस, म्हणजे द्व्यर्थी, ही निराळी भानगड. तिथे अर्थ भटकत नाही, दोन पक्के अर्थ असतात आणि त्यातला कुठला ते कळत नाही. जुन्या पुरावा कायद्यात (आता २०२४ पासून त्याच्या जागी नवा आलाय) याचं उदाहरण घोड्याचं होतं. एकाने 'माझा पांढरा घोडा' हजार रुपयांना विकायचं लिहून दिलं आणि त्याच्याकडे पांढरे घोडे निघाले दोन. इथे करार मोडत नाही, कुठला घोडा मनात होता याचा पुरावा द्यायला कोर्ट परवानगी देतं. एक प्रश्न विचारला की काम भागलं. आणि आपलं 'नरो वा कुंजरो वा' आठवा, आपण ते गुळमुळीत बोलण्यासाठी वापरतो पण नीट बघितलं तर धर्मराज मोघम बोललेच नव्हते. अश्वत्थामा नावाचा एक माणूस होता आणि एक हत्ती, दोघंही अगदी ठरलेले, पक्के. दोन पांढऱ्या घोड्यांचीच केस ती, फक्त द्रोणाचार्यांना उलटा प्रश्न विचारायची सवड मिळाली नाही.

तिसरी तऱ्हा टाळाटाळीची. ती तर सगळ्यात जास्त चालते आणि तिलाच आपण सगळ्यात सौम्य शब्द वापरतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत, १९०८ ची ती, आदेश ८ नियम ४ असा आहे की प्रतिवादीने आरोप नाकारताना उडवाउडवी करायची नाही. दावा असेल की याने अमुक एवढे पैसे घेतले, तर 'मी तेवढे घेतले नाहीत' असं म्हणून सुटका नाही. एकतर सांगायचं की त्यातला काहीच भाग घेतला नाही, नाहीतर किती घेतले ते सांगायचं. शंभर वर्षांहून जुना नियम आहे आणि आजच्या कुठल्याही पत्रकार परिषदेला बसवून बघा. 'एवढ्या कोटींचा घोटाळा झालेलाच नाही' म्हणणाऱ्याला कुणीतरी आदेश ८ नियम ४ वाचून दाखवायला पाहिजे की साहेब, मग केवढ्याचा झाला? पण दुसऱ्या दिवशी बातमी येते 'मंत्र्यांची संदिग्ध भूमिका'. अहो भूमिका स्पष्टच आहे, उत्तर द्यायचं नाही ही भूमिका आहे!

इंग्रजीत व्हेगचे बाकीचे वापर पण आहेत आणि तिथे तर संदिग्ध अजिबात चालत नाही. व्हेग मेमरी म्हणजे अंधुक आठवण. चेहरा व्हेगली फॅमिलिअर वाटला म्हणजे कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला इंग्रज लोक 'ही लुक्ड व्हेग' म्हणतात तेव्हा तो संदिग्ध दिसत नसतो, हरवल्यासारखा दिसत असतो. 'आय हॅव्हन्ट द व्हेगेस्ट आयडिया' म्हणजे मला बापजन्मी माहीत नाही. नेब्युलस म्हणून याचा एक भाऊबंद आहे, ढगाळ अर्थाचा, आणि तो आपल्या 'नभ'चा लांबचा नातेवाईक निघतो, ऐकून मजा वाटते. आणि नवीन जमान्यात व्हेगबुकिंग नावाचा प्रकार आलाय, मुद्दाम अर्धवट स्टेटस टाकायचं म्हणजे चार लोक विचारतील काय झालं गं. आपल्याकडे 'वेळ आल्यावर आपलीच माणसं ओळखू येतात' असं स्टेटस पडलं की अख्खा फॅमिली ग्रुप दोन दिवस हिशोब करत बसतो की हे आपल्यालाच का. त्यातला मोघमपणाच त्याचं हत्यार आहे, नाव घातलं असतं तर एकाशीच भांडण झालं असतं.

आता कुणी म्हणेल मोघम बोलणं वाईटच, सगळं मोजून मापून बोलावं. तसं होत नाही. ग्रीसमध्ये ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात युब्युलिडीस नावाचा एक तत्त्ववेत्ता होता, त्याच्या नावावर दोन कोडी सांगतात, एक ढिगाचं आणि एक टकलाचं. ढिगातून एकेक दाणा काढत गेलं तर कितव्या दाण्याला तो ढीग राहत नाही? डोक्यावरचा एकेक केस काढत गेलं तर कुठल्या केसाला टक्कल पडलं म्हणायचं? तो केस दाखवताच येत नाही, पण म्हणून टक्कल ही वस्तू जगात नाही असं काही नाही, आमच्या घरात दोन आहेत. १९२३ मध्ये इंग्रज तत्त्ववेत्ता बर्ट्रांड रसेलने याच विषयावर निबंध लिहिला, त्यातही टक्कल आहेच, आणि त्याचं म्हणणं असं की मोघमपणा वस्तूत नसतो, वस्तू असते तशी असते, मोघमपणा असतो तो आपण तिच्याबद्दल जे बोलतो त्यात. म्हणजे धुकं व्हेग नसतं. धुक्याबद्दलची बातमी असू शकते. रोजचं जगणं या मोघम शब्दांवरच चालतं, चवीनुसार मीठ, संध्याकाळी या, थोडं सरकून घ्या. राज्यघटनेत भाषणस्वातंत्र्यावरचे निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत असं आहे, हा वाजवी शब्द तिथे १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला, आणि वाजवी म्हणजे किती हे काही सेंटीमीटरमध्ये सांगता येत नाही तरी त्याच शब्दाचा नागरिकाला आधार आहे. म्हणजे शब्द मोघम आहे का एवढंच विचारून चालत नाही, त्याची फिरती हद्द कुणाच्या हातात दिली हे बघावं लागतं.

पोलिसाच्या हातात दिली तर काय होतं हे बघायचं असेल तर अमेरिकेतला एक खटला आहे. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहराचा भटकेगिरीविरोधी नियम होता, त्यात गुन्हेगार कोण कोण तर भिकारी, जुगारी, हातचलाखी करणारे, रात्रीचे फिरणारे, कायदेशीर हेतू नसताना इकडून तिकडे भटकणारे, कायमचे रिकामटेकडे, आणि कामाला धडधाकट असून बायकोच्या किंवा अल्पवयीन मुलांच्या कमाईवर जगणारे. (या शेवटच्या कलमाखाली आमच्या गल्लीतून एक व्हॅन भरून गेली असती.) या नियमाखाली ज्यांना धरलं त्यात एका गाडीतून जाणारे चौघं होते, दोन गोऱ्या बाया आणि दोन काळे पुरुष, आणि त्यांच्यावर ठेवलेला आरोप होता 'गाडीतून टेहळत फिरणे'. खरा गुन्हा काय होता ते तुम्हाला मला सगळ्यांनाच कळतं. १९७२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो नियम उडवला, कारण दिलं व्हेगनेस. भटक्या माणसांविरुद्धचा नियम शब्दच भटके आहेत म्हणून रद्द झाला, लॅटिन येणाऱ्या एखाद्या वकिलाला त्या दिवशी हसू आवरलं नसेल. त्याआधी १९२६ मध्ये ओक्लाहोमाचा एक कायदा असाच गेला होता, मजुरांना 'त्या परिसरातल्या चालू दराने' रोजंदारी द्या नाहीतर शिक्षा, असा तो कायदा. आता परिसर म्हणजे गाव, तालुका का जिल्हा, आणि चालू दर म्हणजे सगळ्यात कमी, सगळ्यात जास्त का मधला? कोर्ट म्हणालं साधारण बुद्धीच्या माणसाला ज्याचा अर्थ अंदाजाने लावावा लागतो त्या कायद्याने कुणाला शिक्षा करता येत नाही. हेतू चांगला होता तरी गेला हे लक्षात घ्या, मजुरांच्या भल्याचाच होता तो कायदा.

हे सगळं सातासमुद्रापार झालं म्हणून सोडून देऊ नका. नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्या पालघरला दोन तरुण मुलींना अटक झाली होती ते आठवत असेल. बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदबद्दल एकीने फेसबुकवर लिहिलं आणि दुसरीने ते लाइक केलं. कलम लावलं त्यात आयटी कायद्याचं ६६अ होतं आणि त्या कलमातले शब्द बघा, ग्रॉसली ऑफेन्सिव्ह, अनॉयन्स, इनकन्व्हीनियन्स. म्हणजे त्रास, गैरसोय. गैरसोय हो! इंटरनेटवर कुणाची गैरसोय न करता काही लिहिता येतं का? श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते कलम अख्खं रद्द केलं आणि एक मोठं कारण मोघमपणा हेच होतं. त्या निकालात एक भारी मुद्दा आहे, इंग्लंडमध्ये असेच शब्द असलेल्या कायद्याखाली एक केस झाली, त्यात खालच्या कोर्टाने आणि त्यावरच्या दोन न्यायाधीशांनी सांगितलं की हे बोलणं ग्रॉसली ऑफेन्सिव्ह नाही, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सगळ्यात वरचं कोर्ट) त्याच बोलण्याबद्दल सांगितलं की आहे. शिकलेल्या न्यायाधीशांचं जर एकमत होत नाही तर पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने आणि कॉलेजच्या पोरीने काय समजायचं. त्या निकालाच्या बातम्यांत 'संदिग्ध तरतुदी' असं वाचलेलं आठवतंय, पण त्या शब्दांचे दोन अर्थ नव्हतेच, त्यांना काठच नव्हता.

आणि मुंबईचा १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा बघा. त्यात भीक मागणे याच्या व्याख्येत गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून किंवा काही वस्तू विकायला पुढे करून पैसे घेणं येतं. शिवाय उपजीविकेचं साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरणं की हा भिकेवर जगत असावा असं वाटावं, तेही येतं. असं वाटावं! कुणाला वाटावं? वासुदेव, पिंगळा, कुडमुडे जोशी, पोतराज, डोंबारी, बहुरूपी, ही अख्खी यादी त्या एका वाक्यात मावते. आधीच १८७१ च्या कायद्याने भटक्या जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या, तो १९५२ ला गेला आणि सातच वर्षांत हे. दिल्लीलाही हा मुंबईचाच कायदा लागू केला होता, तिथल्या हायकोर्टाने २०१८ मध्ये त्याच्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. पण तो निकाल दिल्लीपुरता.

दवाखान्यातही हा शब्द फिरतो. बाई सांगते पोटात मुरडा येतोय, मग म्हणते कळ येते, मग म्हणते नाही ठसठसतंय, आणि केसपेपरवर लिहिलं जातं व्हेग ॲब्डॉमिनल पेन. अहो ठणका, शूळ, चमक, सणक, रग, जळजळ, भरून येणं, एवढे शब्द मराठीत दुखण्याला आहेत आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं, ती बाई व्हेग नव्हती, ऐकणाऱ्याला मराठी येत नव्हतं किंवा बाहेर लाइन मोठी होती. हां, 'कसंतरीच होतंय' हे मात्र खरंखुरं व्हेग, पण तेही उडवून लावू नये, बायकांना आणि डायबेटिसवाल्यांना हार्ट अटॅक कधी कधी नुसता थकवा, मळमळ, दम लागणं असाच येतो, छातीत कळ न येता.

माझं स्वतःचं गाऱ्हाणं इथे आहे म्हणून सांगते. आमच्या रस्त्याचं काम कुणी केलं, किती रुपयांत, हमीची मुदत किती, एवढंच मी एका ऑफिसकडे माहितीच्या अधिकारात विचारलं. उत्तर आलं, 'मागितलेली माहिती मोघम स्वरूपाची असल्याने देता येत नाही.' भाषांतरकाराला मोघम म्हणणं म्हणजे आचाऱ्याला चूल पेटवता येत नाही म्हणणं. आता यातली गंमत ऐका. महाराष्ट्रात २०१२ पासून नियम आहे की अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत बसवायचा. म्हणजे सविस्तर लिहिलं तर शब्द जास्त झाले, आवरून लिहिलं तर मोघम झालं. आणि कायद्याचं कलम ५ पोटकलम ३ स्वच्छ सांगतं की माहिती अधिकाऱ्याने अर्जदाराला वाजवी मदत करायची आहे. मोघम वाटलं तर फोन करा, विचारा कुठला रस्ता, पांढरा घोडा दोनातला कुठला ते विचारा! ते नाही. अपील टाकलंय, बघू. तोपर्यंत त्यांच्याकडून येणाऱ्या कागदांवर 'योग्य ती कार्यवाही', 'यथावकाश', 'नियमानुसार', 'लवकरात लवकर' हे शब्द असतात आणि ते कुणालाच मोघम वाटत नाहीत.

आता पावसाचं. अमेरिकेच्या सीआयएमध्ये शर्मन केंट नावाचे एक अधिकारी होते. १९५१ मध्ये त्यांच्या टीमने अहवाल दिला की युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'सीरियस पॉसिबिलिटी' आहे. नंतर एकाने सहज विचारलं म्हणजे किती हो, केंट म्हणाले पासष्ट-पस्तीस. विचारणारा चाट पडला, त्याला खूपच कमी वाटली होती शक्यता. मग केंटनी आपल्याच टीममधल्या एकेकाला विचारलं तर कुणाच्या मनात वीस टक्के, कुणाच्या मनात ऐंशी. सगळ्यांनी मिळून एकच वाक्य पास केलं होतं, सह्या करून!

आपल्याकडे उलटं झालंय. हवामान खात्यावर सगळा महाराष्ट्र हसतो की 'तुरळक ठिकाणी मुसळधार' म्हणजे काय ते एकदा सांगा, पण त्यांचे शब्द मोघम नाहीतच, एकेक मोजून ठरवलेला आहे. तुरळक ठिकाणी म्हणजे त्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत. काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५० टक्के, बऱ्याच ठिकाणी ५१ ते ७५, त्याच्या वर बहुतेक ठिकाणी. तुरळक हा शब्द जागेला आहे, पावसाला नाही, एवढंच कुणी समजावून सांगत नाही. आणि पावसाचं म्हणाल तर चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे त्यांचा हेवी, तुमचा मुसळधार. ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार. त्याच्याही वर गेला की अत्यंत मुसळधार. धुकं म्हटलं तरी फक्त एक किलोमीटरच्या आतलंच दिसत असेल तर धुकं, असं मोजमाप आहे. हे सगळं खात्याने ठरवून दिलेलं, आणि पेपरात येईपर्यंत आकडे गळतात आणि नुसते शब्द राहतात, मग कुणी धो धो लिहितो, कुणी दमदार, कुणी 'जोर वाढणार', आणि शेतकऱ्याने त्यावरून ठरवायचं की फवारणी आज करायची का परवा.

खात्याचंही एक चुकतं असं मला वाटतं. सगळ्यात वरच्या खान्याला छतच नाही. २०५ मिलिमीटर पडला तरी अत्यंत मुसळधार आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ पडला तोही अत्यंत मुसळधारच. २०५ मध्ये गटार तुंबतं, ९४४ मध्ये माणसं मेली. तिथे आणखी एक पायरी हवी, निदान बातमीत तरी आकडा हवा.

तर मागणी एवढीच. जून ते सप्टेंबर रोज पावसाच्या बातमीशेजारी एक छोटी चौकट द्या, कुठला शब्द म्हणजे किती मिलिमीटर आणि किती टक्के ठिकाणी. मोघम, द्व्यर्थी, उडवाउडवीचं हे शब्द उपसंपादकांच्या टेबलावर परत आले तर सोन्याहून पिवळं, पण ते नंतर बघू, आधी चौकट. जागा नाही म्हणू नका, राशिभविष्याला रोज बारा चौकटी असतात आणि त्यात 'आर्थिक बाबतीत सावध राहा, प्रवासाचे योग संभवतात' एवढंच असतं. त्यातल्या दोन राशी उडवल्यात तरी मावेल. माझी कन्या आहे, तिच्यापासून सुरुवात केलीत तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त भाषांतरकार, सातारा